बिनछपराच्या घराची मालकीण

आत्याच्या घराला छप्पर नव्हतं, आणि त्या घराची घरपट्टी ती दरसाल बिनचूक भरायची. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे, आम्हीही हसायचो. मार्च लागला की आत्या जिनिंगच्या कामावरून एक दिवस सुट्टी घ्यायची, ठेवणीतलं लुगडं नेसायची आणि जालन्याहून टेंभुर्णीची एस.टी. पकडायची. ग्रामपंचायतीत शिरली की ग्रामसेवक तिची फिरकी घ्यायचा, "बाई, वर आभाळ, खाली जमीन. मधी पट्टी कशाची घेऊ म्या?" आत्या पदर सावरून खाली बसायची. "चार भिंती हायेत का न्हाईत? मंग? फाडा पावती." पावती हातात पडल्याशिवाय ती काही तिथून उठायची नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला मूलबाळ नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर मी शिक्षिकेच्या कोर्ससाठी जालन्यात आले ती तिच्याच खोलीवर. तिथल्या मस्तगड भागात एका घराच्या मागच्या अंगाला ती भाड्यानं राहायची. खोली एवढीशी, की चुलीपाशी बसलेल्या माणसानं पाय लांब केले तर दारात बसलेल्याला लागायचे. पण आत्याचा रुबाब बघाल तर वाड्याच्या मालकिणीचा. कुणी नवं माणूस भेटलं की नावगाव विचारायच्या आधीच ही सांगायची, "मी इथली न्हाई हां. टेंभुर्णीला घर हाय माझं. माझ्या नावावर हाय." जिनिंगमधल्या बाया तिला 'घरवाल्या बाई' म्हणायच्या. त्यातली थट्टा तिला कळत नव्हती असं नाही. कळायची, आणि तरी ती हाकेला 'ओ' द्यायची.

घर नावावर असण्याची गोष्ट खरीच होती, आणि त्या काळात ती साधी नव्हती. मामांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्यानं, ते स्वतःच्या हातानं बांधलं होतं. धर्मांतरानंतरची ती वर्षं. आमची माणसं मान वर करून चालायला लागली होती. मामांनी घर बांधलं आणि पंचायतीत जाऊन ते बायकोच्या नावावर चढवलं. भावकीतली माणसं पोट धरून हसली. बायकोच्या नावावर घर! मामा त्यांना म्हणाले म्हणे, "रांधती ती, सारवती ती, झाडती ती. म्या तर निस्ता झोपाया येतो. मंग घर कुणाचं?" हा किस्सा आत्यानं मला इतक्या वेळा ऐकवला की शेवटी मीच तिच्या आधी तो संपवायची. मग ती चिडायची. म्हणायची, "तू सांगू नको. तुझ्या तोंडात त्यो बराबर बसत न्हाई."

बहात्तरच्या दुष्काळात मामा खडी फोडायच्या कामावर गेले आणि तिथंच त्यांना तापानं धरलं. आत्यानं आधी भांडी विकली, मग शेळी विकली, आणि विकायला काही उरलं नाही तेव्हा घरावरचे पत्रे उतरवून विकले. त्या पैशावर मामांना जालन्याच्या दवाखान्यात आणलं. मामा काही वाचले नाहीत. मागं गावी घर होतं, पण त्यावर पत्रा नव्हता. आत्या जालन्यातच राहिली आणि जिनिंगमध्ये कापूस वेचून साफ करायच्या कामाला लागली.

बरं, राहिली ती राहिली. ते घर तरी सोडून द्यावं की नाही? छे! दर पावसाळ्याच्या तोंडाशी ही बाई गावी जायची. भिंतींच्या डोक्यावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या अंथरायची, त्यावर चिखलाचा थर द्यायची, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीत मुरू नये. दिवाळीनंतर पुन्हा जायची आणि त्याच भिंती आतूनबाहेरून लिंपायची. आत जमीन सारवायची. सारवलेल्या जमिनीवर ऊन पडलेलं मी स्वतः बघितलंय, आणि त्या उन्हात बसून आम्ही दोघींनी भाकरी खाल्लीय. मी म्हणायची, "आत्या, अगं कुणासाठी हे?" ती म्हणायची, "भिंती जित्या हायेत तवर पत्रे कवाबी टाकता येतेत. भिंत पडली की समदं गेलंच." पत्रे टाकण्याइतके पैसे तिच्याजवळ कधी साठले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

तिचा धाकटा दीर शेजारीच राहायचा. त्याच्या गोठ्याला जागा पुरत नव्हती आणि आत्याच्या भिंतींकडे त्याचा डोळा होता, पण माणूस वाईट नव्हता. "वैनी, दोन ढोरं बांधू का आत, पावसाळ्यापुरती?" असं त्यानं एकदा विचारलं. आत्या म्हणाली, "भाऊजी, ते घर हाय." बस. पुन्हा त्यानं कधी विचारलं नाही.

आमची पंचाईत सुरू झाली ती मस्तगडात. घरमालकीणबाईंच्या मुलाचं लग्न ठरलं. नव्या सुनेला खोली हवी. बाई मनानं बऱ्या होत्या, हात जोडून म्हणाल्या, "पावसाळ्याच्या आत तेवढी रिकामी करा." त्यांचं तरी काय चुकलं? आम्ही दोघी खोली शोधायला बाहेर पडलो. जालना केवढं मोठं गाव, आणि आम्हाला दहा बाय दहाची खोली मिळेना. खोली आहे म्हणायचे, दाखवायचे, भाडंही सांगायचे. मग आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की त्यांना अचानक आठवायचं, त्यांच्याकडे पाहुणे येणार आहेत. एवढे पाहुणे कुठून येत होते कोण जाणे! एकदा तर मी चिडून म्हटलं, "तुमच्या पाहुण्यांचं आडनाव काय?" आत्यानं मला दंडाला धरून ओढत बाहेर आणलं. माझा कोर्स अर्धा राहिला होता. खोली गेली तर मी परत खेड्यात, खुरपं हातात. आणि आत्या कुठे जाणार?

अशात आमच्या समाजाच्या घरबांधणी सोसायटीची बातमी आली. गावाबाहेर जागा मिळाली होती, सरकारचं कर्ज मिळणार होतं, दोन-दोन खोल्यांची घरं होणार होती. मेख एकच. सभासदानं सुरुवातीला आपला हिस्सा रोख भरायचा, तरच पुढचं कर्ज. तो हिस्सा एवढा होता की तेवढे पैसे आम्ही दोघींनी मिळून जन्मात कधी एका जागी पाहिले नव्हते. पण सोसायटीचे सेक्रेटरी, एका शाळेतले गुरुजी, यांनी सांगितलं की ज्याच्या नावावर कुठेही घर नाही, जो पहिल्यांदाच घर घेतोय, त्याचा हिस्सा सरकारी मदतीतून भरला जाईल. मी ते ऐकलं आणि माझ्या अंगात हत्तीचं बळ आलं. पहिल्यांदाच घर घेणारी, विधवा, रोजंदारीवरची बाई! आत्यापेक्षा हक्काचं माणूस त्या यादीत दुसरं कोण असणार? टेंभुर्णीच्या त्या बिनछपराच्या भिंती मी घरात धरल्याच नव्हत्या.

रविवारी शाळेच्या व्हरांड्यात सभा झाली. गुरुजी एकेकाला उभं करून विचारत होते, "कुठे घर आहे का नावावर?" माणसं "न्हाई जी" म्हणत होती आणि बसत होती. आत्याची पाळी आली. मी तिच्या शेजारीच होते. तिच्या तोंडावर हात ठेवायलाही मला वेळ मिळाला नाही. आत्या उठली, पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाय की! टेंभुर्णीला हाय. माझ्या नावावर हाय. औंदाची पट्टीबी भरली."

गुरुजींनी चष्मा काढला. "बाई," ते हळूच म्हणाले, "मग तुम्हाला मदत नाही बसत. हिस्सा तुमचा तुम्हालाच भरावा लागेल." आत्या उभीच राहिली. आपण काय बोलून बसलो, हे तिला कळायला थोडा वेळ लागला. आणि कळलं तेव्हा ती कुणाकडेही न बघता खाली बसली.

घरी येताना मी तिला वाट्टेल ते बोलले. रस्त्यात बोलले, लोक बघत होते तरी बोलले. "आत्या, ते घर आहे का? कुत्रंसुद्धा पावसात तिथं थांबत नाही!" ती म्हणाली, "सभेत मान्सं व्हती. सगळ्यांच्या म्होरं म्या खोटं बोलू का? तुझ्या मामानं नाव लावलंय त्याला." मी म्हटलं, "मामा नाहीत आता. पावसाळा आहे तोंडावर." त्या दिवशी चूल पेटली नाही आमची.

दुसऱ्या दिवशी मी कोर्सला न जाता गुरुजींना गाठलं. ते भले माणूस. म्हणाले, "ग्रामपंचायतीचा दाखला आण, की घर पडलंय, राहण्यासारखं नाही, सध्या घर नाही. महिना संपायच्या आत. यादी एकदा वर गेली की माझ्या हातात काही राहत नाही." आम्ही दोघी टेंभुर्णी गाठली. ग्रामसेवक नेहमीसारखा हसला, पण काम ऐकल्यावर त्याचं हसू मावळलं. "बाई, म्या तुम्हाला दरसाल म्हनत व्हतो, पट्टी भरू नका. बिनपट्टीचं पडकं घर असतं तर कवाच वहीतनं काटून टाकलं असतं. आता औंदाची पावती म्याच फाडली. चार भिंती उभ्या हायेत, त्याबी लिंपलेल्या. घर न्हाई असं कसं लिहू? माझी नौकरी जाईल." त्याचंही खोटं नव्हतं. अख्ख्या गावात दुष्काळानंतर ओस पडलेली घरं ढासळून मातीचे ढीग झाली होती, आणि आत्याच्या भिंती तेवढ्या ताठ उभ्या होत्या. तिनंच त्या उभ्या ठेवल्या होत्या.

"भिंती नसल्या तर?" मी विचारलं. कुणीतरी हे विचारायलाच हवं होतं.

ग्रामसेवकानं आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाजाराच्या दिवशी मोठं साहेब येनार हायेत. जागेवर येऊन त्यांना घर दिसलं न्हाई, तर पंचांसमोर जबाब घेतील, अन् म्या दाखला देईन."

आत्या तिथून उठली ती थेट घराकडे निघाली. मी मागून पळत होते. दिराच्या दारात जाऊन तिनं कुदळ मागितली. "काय करून राह्यल्या वैनी?" दीर म्हणाला. चैत्राचं ऊन, डोक्यावरून पदर खांद्यावर आलेला, आणि ती पहिली भिंत खोदायला लागली.

मातीची भिंत ती, पडायला किती वेळ लागणार असं मला वाटलं होतं. कुठलं काय! वर्षानुवर्षं थरावर थर चढवून लिंपलेली भिंत. कुदळीचा घाव बसायचा आणि नुसता पोपडा निघायचा. आत्याच्या हाताला फोड आले. मी कुदळ घेतली, मला ती नीट उचलेना. आजूबाजूची माणसं येऊन उभी राहिली. कुणीतरी बाई म्हणाली, "अगं माय, येडी झाली का ही?" दीर पुढे आला, त्यानं आत्याच्या हातातली कुदळ धरली. "सोडा वैनी. म्या पाडतो." आत्यानं कुदळ सोडली नाही. "न्हाई भाऊजी. तुमच्या भावानं बांधलं. तुमच्या हातानं नगा पाडू. त्यो मला बोल लावंल, तुम्हाला कशाला?" तेव्हा तो बाजूला झाला आणि गोठ्याच्या खांबाला धरून पोरासारखा रडला. आत्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिचं सगळं लक्ष भिंतीत होतं. मध्येच थांबून ती म्हणाली, "लई बेस बांधलं व्हतं गं यांनी." आणि पुन्हा घाव घातला.

बाजाराच्या दिवसापर्यंत आम्ही तिथंच राहिलो. दिराच्या बायकोनं आमच्या जेवणाची ददात पडू दिली नाही. रोज सकाळी उठून आम्ही दोघी ते घर पाडत होतो. दगड एका बाजूला, माती एका बाजूला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: साहेब आले नाहीत तर? आणि आले, आणि म्हणाले की आता काही होत नाही, तर हेही गेलं आणि तेही. आत्याला हे सुचलं नसेल असं नाही. पण ती कुदळ मारत राहिली आणि मी माती उपसत राहिले.

साहेब आले. तरुण होते, घाईत होते, उन्हानं वैतागले होते. मातीचा ढीग बघितला, पंचांना बोलावलं. ग्रामसेवकानं पाटावर कागद ठेवून लिहायला घेतलं. साहेब आत्याला म्हणाले, "हं बाई, बोला. माझ्या नावावर कुठेही घर नाही. असं पंचांसमोर तोंडानं सांगा."

आत्यानं पदर सावरला. "साहेब, घर व्हतं..." ती म्हणाली.

"होतं ते सोडा. आता आहे का?"

"साहेब, लिहा की तुम्ही. दिसून तर राह्यलं."

"तुम्ही सांगितल्याशिवाय लिहिता येत नाही. मला आणखी दोन गावं करायची आहेत, बाई."

आत्यानं त्या ढिगाकडे बघितलं. मग दिराकडे, मग माझ्याकडे. ज्या बाईनं शहरभर येईल त्याला 'घर हाय माझं' असं सांगितलं होतं, तिला हे वाक्य बोलता येईना. हातांनी भिंती पाडता आल्या, पण जीभ वळेना. मी गुडघ्यावर बसले तिच्यासमोर. "आत्या, बोल गं. तुझ्या पाया पडते. एवढं एकदा बोल." साहेबांनी घड्याळात बघितलं आणि ते उठायला लागले. तेव्हा आत्या बोलली. हळू नाही, चांगली मोठ्यानं बोलली. "माझं घर न्हाई, साहेब. कुठंबी न्हाई." बाजाराला निघालेली माणसं थबकून बघायला लागली. ग्रामसेवकानं मान खाली घालून लिहिलं, आणि आत्यानं अंगठा दिला.

दाखला वेळेत पोचला. मदत मंजूर झाली, हिस्सा भरला गेला. आत्याचं नाव यादीत लागलं. तुम्हाला वाटेल, सुटलो आम्ही. कसले सुटतोय! घरं उभी राहायला पुढचा उन्हाळा उजाडला. तोवर मालकीणबाईंनी दया करून आम्हाला मागच्या पडवीत राहू दिलं. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला गोणपाट. गोणपाटापलीकडून येणारे-जाणारे पाहुणे. त्या वर्षात आत्या फार थोडं बोलली. कुणी गाव विचारलं तर मलाच पुढे करायची. मी कोर्स पुरा केला. आत्याचे केस त्या एका वर्षात पिकले. मला तेव्हा तिची काळजी वाटायची, रागही यायचा. मिळतंय ना घर? मग हसायला काय होतं हिला? विशीतल्या माणसाची अक्कल ती.

घराचा ताबा मिळाला. दोन खोल्या, वर पत्रे, पुढे एक पायरी. खिडकीला अजून झडपा नव्हत्या, पण दार होतं. आम्ही चार माणसं बोलावली, बुद्धवंदना घेतली. गुरुजी आले. टेंभुर्णीहून दीर आला, त्यानं जोंधळ्याचं पोतं आणलं. जिनिंगमधल्या बाया आल्या आणि त्यांनी आत्याला पुन्हा 'घरवाल्या बाई' म्हणून चिडवलं. आत्या सगळ्यांना वाढत होती, आग्रह करत होती, "घ्या की अजून" म्हणत होती. दुपारपर्यंत माणसं पांगली.

मी भांडी गोळा करत होते. आत्या म्हणाली, "राहू दे पोरी ते. तू जराशी भाईर बस."

मी बाहेर पायरीवर येऊन बसले. तिनं मागून दार लावलं. कडी घातल्याचा आवाज आला. आणि मग आतून असा हंबरडा फुटला, की मी दचकून उभी राहिले. "अवोऽऽ," आत्या मामांना हाक मारत होती, "घर पाडलं वो तुमचं म्या! माझ्या हातानं पाडलं! मला टाकून कसं गेलात वोऽऽ..."

मामांनी दवाखान्यात प्राण सोडला तेव्हा ती ओरडली, तर नर्सनं दटावलं होतं, इथं दुसरे पेशंट आहेत म्हणून. नंतर मस्तगडची खोली, मालकीणबाईंच्या भिंतीला भिंत लागून. मग ते गोणपाट. त्या माणसासाठी मोठ्यानं रडायला या बाईला आजवर एक जागा मिळाली नव्हती, आणि शेजारी राहून, एका ताटात जेवून, मला ते कधी कळलं नव्हतं. दारावर थाप मारायला उचललेला हात मी खाली घेतला.

शेजारच्या नव्या घरातली बाई धावत आली. हात पिठानं भरलेले तसेच. "काय झालं गं? कोण गेलं?"

"काही नाही काकू," मी म्हटलं. "आत्या रडतेय. रडू द्या तिला. घर आमचं आहे."